कोल्हापूरच्या आसपास अर्ध्या दिवसाची रपेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमी वेळात कुठे जाऊन यावं, हे ठरवायचं कसं?

आधी ठिकाण ठरवू नका, दिशा ठरवा. कोल्हापूरचं भाग्य असं की शहरातून पश्चिमेला निघालं की तास-सव्वा तासात सह्याद्रीचा माथा लागतो, आणि पूर्वेला निघालं की तेवढ्याच वेळात आपण कृष्णाकाठच्या सपाट काळ्या रानात पोचलेलो असतो. पाऊसही याच हिशेबाने पडतो. शिरोळ तालुक्यात तो बेताचा, गगनबावड्यात त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे एकच रस्ता बाराही महिने चांगला, असं इथे चालत नाही.

माझा साधा ठोकताळा असा : पावसाचा जोर ओसरला की, म्हणजे गणपतीनंतर दिवाळीपर्यंत, पश्चिमेला जावं. थंडीत पूर्वेला. उन्हाळ्यात उजाडायच्या आत घर सोडावं आणि ऊन चढायच्या आत परतावं, मग दिशा कुठलीही असो. भर पावसात मात्र दिशा आपण ठरवत नाही, पंचगंगा ठरवते. त्याविषयी खाली सविस्तर लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट, पोचायची घाई करू नका. या जिल्ह्यात बहुतेक वेळा बघण्यासारखं जे असतं ते रस्त्यालाच लागून असतं. गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं खाली उतरायची तयारी हवी.

हातात दोनच तास आहेत. तेवढ्यात काही होतं का?

होतं की. सगळ्यात जवळचं म्हणजे प्रयाग चिखली. शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडीवरून गेलं की आपण संगमावर येतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या एकत्र होऊन जे पाणी पुढे येतं ती आपली पंचगंगा. पाचवी सरस्वती, ती गुप्त. पंचगंगेचं पाणी कुठून कुठून गोळा होतं हे एकदा मुलांना इथे आणून दाखवावं. थंडीच्या सकाळी नदीवर धुकं असतं, तेव्हा जा.

दुसरा पर्याय गारगोटी रस्त्याने कळंबा तलाव आणि पुढे कात्यायनी. डोंगराच्या कुशीतलं देऊळ आहे, झाडी आहे, गर्दी बेताची. कणेरीचा सिद्धगिरी मठही महामार्गापासून आत थोडक्यावरच आहे. पण तिथलं ग्रामजीवनाचं म्युझियम नीट बघायचं तर दोन तास तिथेच जातात. बलुतेदार, त्यांची हत्यारं, घरं, गोठे, सगळं माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभं केलेलं आहे. ते धावत बघू नये.

पन्हाळा तर नेहमीचाच झाला. तिथे परत परत काय बघायचं?

हा प्रश्न कोल्हापूरकरच विचारतात, बाहेरून आलेले नाही. शहरापासून जेमतेम 20-22 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून 3,000 फुटांहून उंच असा किल्ला, आणि गाडी थेट आतपर्यंत जाते. 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना स्थान मिळालं, त्यात पन्हाळा आहे. तरीही आपण बहुतेकदा तबक उद्यान, एक कणीस आणि परत असं करतो.

पुढच्या वेळी वेळ बदलून बघा. पहाटे गंगावेशीतून निघा, दूध कट्ट्यावर समोर काढलेलं धारोष्ण दूध प्या आणि वाघबीळचा चढ उजाडता उजाडता चढा. वर पोचल्यावर गाडी एका ठिकाणी लावून चालत फिरा. अंबरखान्याच्या तीन कोठ्या, गंगा, यमुना, सरस्वती. आत उभं राहिलं की धान्य साठवण्यासाठी माणसांनी केवढं बांधकाम केलं होतं हे कळतं. वेढा म्हणजे काय, हे तलवारीपेक्षा अंबरखान्यावरून जास्त समजतं. 1660 साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला तेव्हा महिनोन् महिने गड लढता राहिला, तो अशाच साठ्याच्या जोरावर.

तिथून अंधारबाव. वरून बघाल तर साधी दगडी इमारत, आत मात्र ही तीन मजली विहीर. तळाला पाणी, मधल्या मजल्यावर तटाबाहेर निघणारी चोरवाट. शेजारीच तीन दरवाजा. सकाळची तिरपी उन्हं त्याच्या कोरीव कामावर पडतात तेव्हा पाच मिनिटं नुसतं बघत उभं राहावं. पश्चिमेच्या अंगाला पुसाटी बुरूज आहे, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. तिथून मसाई पठाराची सपाट रेघ दिसते. शिवराय याच बाजूने, आषाढातल्या त्या पावसाळी रात्री, विशाळगडाकडे निघाले. बाजीप्रभू आणि शिवा काशीद यांची नावं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या वाटेकडे तोंड करून उभं राहिलं की ती नावं नुसती ऐकलेली राहत नाहीत.

रविवारी संध्याकाळी मात्र जाऊ नका. नाक्यावर प्रवेश कर भरायला रांग, आत गाडी लावायला जागा नाही. मंगळवार-बुधवारचा पन्हाळा वेगळाच असतो.

पन्हाळा आणि जोतिबा एकाच फेरीत होतात का?

आरामात. केर्लीवरून आधी जोतिबाचा डोंगर करा, तिथून गिरोलीच्या बाजूने पन्हाळ्याकडे जाणारा आतला रस्ता आहे. मुख्य रस्त्यावर परत उतरायची गरज नाही. शहरातून जाताना वडणगे-निगवे-कुशिरे असा मागचा रस्ताही धरता येतो. वाटेत पोहाळ्याची लेणी लागतात, ती बहुतेकांनी बघितलेली नसतात. डोंगराच्या पोटात कोरलेला विहार आहे, शांत आहे.

जोतिबाला रविवारी जावं की नाही?

रविवार देवाचा वार. दर्शनासाठी जात असाल तर जा, गुलालात न्हाऊन या. नुसती गाडी फिरवायला जात असाल तर दुसरा दिवस बघा. चैत्र यात्रेत आणि माघातल्या खेट्यांना रस्त्यावर चालणाऱ्या भाविकांचा हक्क पहिला. त्या दिवशी तिकडे हौसेची गाडी नेऊ नये.

गगनबावड्याचा रस्ता एवढा नावाजलेला का आहे?

कारण पंचावन्न किलोमीटरमध्ये तो तीन वेळा रूप बदलतो.

फुलेवाडी-बालिंग्यावरून निघालं की कळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. पेरे दिसावेत इतका जवळ. कळे मागे पडलं की ऊस कमी होत भातखाचरं लागतात, घरांवर लाल कौलं दिसायला लागतात आणि डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ सरकतात. कुंभी नदी अधूनमधून सोबत करते. असळज मागे टाकलं की हवाच बदलते. काच खाली घेतली की ओल्या मातीचा आणि झाडोऱ्याचा वास येतो, दुपारीसुद्धा. अणदूरचा तलाव थोडा आत आहे, पण वाकडी वाट करून जावा असा आहे. पळसंबे गावाजवळ ओढ्याच्या काठाला कातळातून कोरलेली छोटी देवळं आहेत. एकसंध दगडातली. पावसाळ्यानंतर ओढा वाहता असताना बघितली तर डोळ्यांचं पारणं फिटतं.

गगनबावड्यात पोचल्यावर दोन घाट फुटतात. डावीकडचा करूळ, वैभववाडीकडे उतरणारा. उजवीकडचा भुईबावडा, खारेपाटणच्या बाजूला. आणि मध्ये गगनगड, गगनगिरी महाराजांच्या मठामुळे सगळ्यांना माहीत असलेला. पायऱ्या चढून वर गेलात की आकाश स्वच्छ असेल तर कोकण पायाखाली पसरलेलं दिसतं. धुकं असेल तर दहा फुटांवरचा माणूस दिसणार नाही. दोन्ही बघण्यासारखं आहे. पण कोकण बघायचंच असेल तर ऑक्टोबरनंतर जा.

खाली उतरून परत चढायचा मोह होतो. अर्धा दिवसच हातात असेल तर तो टाळावा. घाट घाईत उतरण्यासाठी नसतात, आणि करूळ घाट दुरुस्तीसाठी किंवा दरड आल्यामुळे बंद राहिल्याचं अनेकदा झालं आहे. बावड्यातच चहा घ्यावा आणि त्याच रस्त्याने मागे यावं. येताना उन्हाची बाजू बदललेली असते, त्यामुळे रस्ता नवा वाटतो.

राधानगरीला गेलं तर किती वेळ लागेल?

हळदी, परिते, भोगावती करत धरणापर्यंत साधारण दीड तास. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे धरण बांधायला घेतलं. दुष्काळ आणि शेतीचं पाणी हा विचार त्या काळात एका संस्थानच्या राजाने केला, आणि आज भोगावतीकाठचा सगळा ऊस त्या विचारावर उभा आहे. तलावाचं नाव लक्ष्मी तलाव. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे ही बघण्याची गोष्ट आहे. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. पावसाळ्यात ‘तीन नंबरचा उघडला, सहा नंबरचा उघडला’ या बातमीकडे अख्ख्या शहराचे कान लागलेले असतात, कारण ते पाणी काही तासांनी पंचगंगेला येणार असतं.

धरण मागे टाकून दाजीपूरकडे जाणारा रस्ता हा माझ्या मते जिल्ह्यातला सगळ्यात देखणा. एका बाजूला जलाशयाचं पाणी, दुसरीकडे गर्द जंगल. हे गव्यांचं राखीव रान, 1958 साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं. पुढे हाच रस्ता फोंडा घाटातून कोकणात उतरतो. इथे गाडी सावकाश चालवा. गवा रस्त्यावर आला तर हॉर्न वाजवायचा नाही, मोठे दिवे डोळ्यांवर मारायचे नाहीत, फोटोसाठी खाली उतरायचं नाही. गाडी लांब थांबवायची आणि कळप पलीकडे जाईपर्यंत वाट बघायची. मागे वासरू असतं बऱ्याचदा. अभयारण्याच्या आतली सफर पावसाळ्यात बंद असते, मुख्य रस्ता मात्र सुरू असतो.

पावसात राधानगरीजवळच्या राऊतवाडी धबधब्याला झुंबड उडते. श्रावणातल्या सुट्टीच्या दिवशी तिकडे गाड्या अडकतात. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी गेलात तर सुख आहे.

पूर्वेला बघण्यासारखं काय आहे? तिकडे नुसती सपाटी आहे ना?

सपाटी आहे म्हणूनच जायचं. थंडीत सकाळी शिरोळच्या बाजूला धुकं रानावर बसलेलं असतं आणि त्यातून उसाचे तुरे तेवढे वर आलेले दिसतात.

नृसिंहवाडी सगळ्यांना माहीत आहे. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, घाटाच्या पायऱ्या, परतताना पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी. पण वाडीपर्यंत जाऊन तिथूनच मागे फिरणारे लोक बघितले की वाईट वाटतं. कुरुंदवाडवरून आणखी थोडं पुढे गेलं की खिद्रापूर. कर्नाटकाच्या अगदी सीमेवर, कृष्णेच्या काठाला, शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं मंदिर.

आत शिरायच्या आधी स्वर्गमंडपात थांबा. मंडपाचं छत मधोमध गोल उघडं ठेवलेलं आहे आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीत तेवढीच गोल शिळा बसवलेली आहे. भोवती बारा खांबांचं कडं. मंडपातले एकूण खांब अठ्ठेचाळीस. त्या शिळेवर उभं राहून वर बघा. आकाशाचा एक गोल तुकडा दिसतो आणि कड्याला दिशांचे पालक आपापल्या वाहनांवर बसलेले. मग खांबाला हात लावून बघा. दगड इतका घोटलेला आहे की गारवा हाताला कळतो आणि खडबडीतपणा शोधून सापडत नाही. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलाच्या वर येतो, तेव्हा तर यात्राच भरते. बाहेरून फिरताना खाली नजर ठेवा, हत्तींची रांग सगळं मंदिर पाठीवर घेऊन उभी आहे. बरेच हत्ती तुटलेत, तरी.

गाभाऱ्यात कोपेश्वर म्हणजे रागावलेला शंकर आणि त्याची समजूत काढणारा धोपेश्वर म्हणजे विष्णू, दोघे शेजारी. समोर नंदी नाही. लोक सांगतात, तो नदीपलीकडे यडूरला आहे.

शहरातून साधारण साठ किलोमीटर. सकाळी सहाला निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी.

घरच्या म्हाताऱ्या माणसांना सोबत न्यायचं आहे.

वाडीला न्या. पन्हाळ्यालाही चालेल, तिथे बहुतेक जागांच्या जवळपास गाडी जाते. कुंभोजजवळच्या बाहुबलीची 28 फुटी मूर्ती पाहायलाही फार चढावं लागत नाही, डोंगरावरच्या मंदिरांना मात्र पायऱ्या आहेत. त्याच बाजूला आळत्याचं रामलिंग आहे, कातळातलं देऊळ, पिंडीवर पाणी ठिबकत राहतं. दुपारीसुद्धा गार असतं. गगनगड आणि जोतिबा त्यांच्या गुडघ्यांना विचारून ठरवा.

पावसाळ्यात निघण्याआधी काय बघायचं?

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पातळी तिशीच्या पुढे गेली आणि वर राधानगरीला पाऊस सुरू असेल तर पश्चिमेचा बेत रद्द करा. कारण जाताना रस्ता कोरडा असतो, अडचण येताना होते. ‘रेडेडोह फुटला’ असं ऐकलं की आंबेवाडी-केर्लीच्या दरम्यान रत्नागिरी रस्त्यावर पाणी येणार, म्हणजे पन्हाळा-जोतिबाची नेहमीची वाट गेली. 2019 आणि 2021 च्या महापुरात तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा बंद पडला होता. 2021 मध्ये पन्हाळ्याचा मुख्य रस्ताही खचला होता.

बर्कीसारख्या धबधब्यांना जाताना वाटेत छोटे बंधारे, मोऱ्या लागतात. डोंगरावर पाऊस झाला की त्यावर तासाभरात पाणी चढतं. पाणी वाहत असलेल्या मोरीवर गाडी घालायची नाही, किती का उथळ दिसेना. खालचा रस्ता आहे की वाहून गेलाय हे वरून कळत नाही.

उसाच्या हंगामात गाडी चालवणं त्रासाचं असतं, खरं का?

दिवाळीनंतर मार्चपर्यंत कारखाने सुरू असतात. तेव्हा एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर रस्ता झाकेल एवढा ऊस, आणि मागे पुष्कळदा दिवा नाही की चकाकणारी पट्टी नाही. बैलगाड्याही त्याच रस्त्यावर. अंधार पडायच्या आत घरी या, एवढं एकच सांगणं. ओव्हरटेक करताना दुसरी ट्रॉली आहे हे धरूनच अंतर मोजा. दुचाकीवाल्यांनी पडलेल्या कांड्यांवर आणि रानातून चाकाबरोबर आलेल्या चिखलावर लक्ष ठेवावं, त्यावर गाडी साबणासारखी घसरते.

तोडकरी मंडळी पहाटे चारपासून रस्त्यावर असतात, लहान मुलांसकट. त्यांच्या तळाजवळून जाताना वेग कमी ठेवा.

वाटेत गुऱ्हाळ बघायला मिळेल का?

मिळेल, आणि बघाच. पूर्वीइतकी गुऱ्हाळं उरली नाहीत, पण हंगामात रस्त्यावरून चिमणीचा धूर आणि वास दोन्ही येतात. आधी विचारून आत जा. काहिलीत रस उकळत असतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं घालणारा माणूस वेगळा आणि काहिलीवर नजर ठेवणारा गुळव्या वेगळा. भेंडीचा रस घालून वर आलेली मळी काढत राहतात. मग उकळीचा आवाज बदलतो, बुडबुडे जड होतात, आणि गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो. ती जमली की सगळ्यांची एकदम धावपळ, काहील वाफ्यात ओतायची. एवढ्या वेळात मध्ये जाऊन फोटो काढू नका, पाक अंगावर उडाला तर कातडी सोलते. नंतर कुणीतरी हातावर गरम गूळ ठेवतंच. घरी न्यायला काकवीची बाटली विकत घ्या.

घाटात गाडी चालवायची सवय नाही. काय लक्षात ठेवू?

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल टाकून उतरू नका, ब्रेक तापतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. वळणावर हॉर्न. धुक्यात खालचे दिवे, वरचे नाहीत, नाहीतर समोर पांढरी भिंतच उभी राहते. आणि वळणावर कधीही थांबू नका, नजारा कितीही सुंदर असो. पहिल्यांदाच जात असाल तर पन्हाळा करा, मग गगनबावडा, मग फोंडा. या क्रमाने हात बसतो.

फुलं बघायला कुठे?

मसाई पठार, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. गाडी पठाराच्या अलीकडेच सोडा. वर गाडी घातली की चाकोरीतली फुलं पुढच्या वर्षी उगवत नाहीत, आणि पठारावर अशा चाकोऱ्या आता खूप झाल्या आहेत. बाटल्या, पत्रावळ्या, केकचे खोके टाकून येणाऱ्यांना कुणीतरी तिथल्या तिथे बोललं पाहिजे. पठाराला राखीव म्हणून संरक्षण आहे, पण राखायचं काम शेवटी येणाऱ्या-जाणाऱ्यांचंच.

खाण्याचं काय?

पन्हाळ्यावर झुणका-भाकरी, ठेचा आणि दही, बायका समोर भाकरी थापून देतात. वाडीला बासुंदी. गगनबावडा आणि राधानगरी रस्त्यावर चहा-भजी मिळेल, जेवणाचा भरवसा ठेवू नका, डबा न्या. तांबडा-पांढरा परत येऊन शहरातच खावा. भरल्या पोटाने घाटात गाडी चालवू नये.

रस्ता सुरू आहे की बंद, खात्रीने कुणाला विचारायचं?

मोबाईलवरचा नकाशा दरड आल्याचं उशिरा सांगतो. त्यापेक्षा गगनबावडा किंवा राधानगरीच्या एसटी स्टँडवर विचारा. एसटी सुरू असेल तर रस्ता सुरू आहे. शहरातून निघायच्या आधी रंकाळा स्टँडवर कोकणातून आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरमामांना गाठलंत तर घाटात धुकं किती, खड्डे कुठे, काम कुठे चाललंय, सगळं दोन मिनिटांत कळतं. रत्नागिरी रस्त्यावर चौपदरीकरणामुळे वळणं बदलत असतात, तीही त्यांनाच माहीत.